दोघांची नौका, एकाची लेखणी

मराठीत संसाराला नौकेची उपमा इतक्या वेळा दिली गेली आहे की तिच्याखालचे पाणी केव्हाच आटले आहे. मंगलाष्टके, लग्नपत्रिका, एकसष्टीच्या गौरवसभा अशा सर्व ठिकाणी ही नौका डुलत असते, आणि सुकाणू कुणाच्या हाती व वल्ही कुणाच्या हाती हेही वक्त्याने परस्पर ठरवून टाकलेले असते. त्यामागच्या भवसागराच्या परंपरेत तर नावाडी साक्षात ईश्वरच असतो, त्यामुळे नवराबायकोने आपसांत पाळ्या लावून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उपमेतल्या नौकेला गळती लागत नाही, तिच्यात कुणाला उलट्या होत नाहीत, पहाटे दोन वाजता ओल्या अंथरुणातून उठून कुणाला शीड आवळावे लागत नाही.

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवीत असताना आमच्या हाती अशी काही इंग्रजी पुस्तके आली, ज्यांत ही उपमा शब्दशः घडलेली आहे. पंचवीस-तीस फूट लांबीच्या शिडाच्या नौकेत एक जोडपे वर्षानुवर्षे राहते, तीत समुद्र ओलांडते, तीतच स्वयंपाक करते, आजारी पडते, म्हातारे होते. ही पुस्तके बहुधा खलाशांसाठी लिहिलेली, म्हणजे वारे, प्रवाह, दोर, नांगर ह्यांच्या तपशिलांनी भरलेली. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला त्यांतली एक बाब अडवते, आणि ती बाब व्याकरणाची आहे.

इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचन एकच. मराठीत ती दोन आहेत. ‘आम्ही’ हे सर्वनाम ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते. ‘आपण’ त्याला आत घेते. (आदरार्थी द्वितीयपुरुषी ‘आपण’ हा निराळा मामला आहे, तो येथे बाजूला ठेवू.) ह्या पुस्तकांतले एखादे साधे वाक्य, समजा शीड लहान केल्याचे, मराठीत आणायचे झाले तर अनुवादक न अडखळता ‘आम्ही’ लिहील, कारण वाक्य वाचकाला उद्देशून आहे आणि वाचक किनाऱ्यावर सुखरूप बसलेला आहे. मात्र ज्या रात्री ते शीड उतरवले गेले त्या रात्री एकाने दुसऱ्याला जे सांगितले असेल, त्यात ‘आपण’ होते, किंवा नव्हते. कदाचित नुसता हुकूम होता. दोन माणसे एका अरुंद जागेत कशी निभावतात, ह्याचा खरा इतिहास त्या दुसऱ्या उच्चारात आहे आणि तो वाऱ्यावर गेला. छापून आला तो ‘आम्ही’चा इतिहास. पहिल्यातून दुसऱ्याचा माग लागतो का, एवढाच आमचा येथील प्रश्न आहे. हा लेखही दोघांनी लिहिलेला आहे, आणि ‘आम्ही’ किती गोष्टी झाकून नेते ह्याचा अनुभव मसुदा करतानाच आम्हांला आला, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आरंभीच एक मर्यादा मान्य केली पाहिजे. ज्यांचे पटले नाही त्यांनी पुस्तक लिहिले नाही. पहिल्याच दूरच्या बंदरात नौका विकून दोन निरनिराळ्या वाटांनी घरी परतलेल्या जोडप्यांचे वाङ्मय उपलब्ध नाही. जे हाती आहे ते टिकलेल्यांचे आहे, आणि टिकलेल्यांपैकीही ज्यांना प्रकाशक मिळाला त्यांचे.

ह्या वाङ्मयाचा आरंभ कोठे मानावा ह्याविषयी मतभेद संभवतो. आम्ही तो ॲना ब्रॅसी ह्यांच्या ‘अ व्हॉयेज इन द सनबीम’ ह्या १८७८ सालच्या पुस्तकापाशी मानतो. जुलै १८७६ ते मे १८७७ ह्या अकरा महिन्यांत ब्रॅसी पतिपत्नींनी आपल्या चार मुलांसह पृथ्वीप्रदक्षिणा केली. ‘सनबीम’ ही तीन डोलकाठ्यांची, वाफेच्या यंत्राची जोड असलेली मोठी खाजगी नौका होती. निघताना तिच्यावर पाहुणे, नोकर, खलाशी मिळून त्रेचाळीस माणसे होती. तेव्हा ‘दोघांनी निभावणे’ हा शब्दप्रयोग येथे सैल अर्थानेच घ्यायचा. थॉमस ब्रॅसी पार्लमेंटचे सभासद, अतिश्रीमंत रेल्वे-कंत्राटदाराचे चिरंजीव, आणि स्वतः परीक्षा देऊन कप्तानीचा दाखला मिळवलेले हौशी दर्यावर्दी. नौका त्यांची, मार्ग त्यांचा, हुकूम त्यांचा. पुस्तक मात्र पत्नीचे. वडिलांना लिहिलेल्या पत्रांतून ते सिद्ध झाले, आणि त्याच्या उपशीर्षकातच समुद्रावरच्या आपल्या घराचा उल्लेख आहे. नकाशावरची रेघ नवऱ्याने ओढायची आणि तिला घर म्हणायचे बायकोने, ही वाटणी पुढे शंभर वर्षे ह्या वाङ्मयाला पुरली.

ॲना ब्रॅसी ह्यांना समुद्र लागत असे, आणि तसे त्या लिहितात. आमच्या मते त्यांच्या लेखनातील सर्वांत प्रामाणिक जागा त्या ह्याच. हवापालट, बंदरातल्या मेजवान्या, विकत घेतलेले पक्षी, शिंपले ह्यांच्या वर्णनांत मधूनच एखादे वाक्य येते की आज पडूनच होते. त्या पडून असण्याच्या दिवसांची बेरीज कुणी केली पाहिजे. प्रदक्षिणेनंतर दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, त्या मुंबईहून पुन्हा सनबीमने निघाल्या, सिलोन, आग्नेय आशिया असे करीत ऑस्ट्रेलियाला गेल्या. प्रकृती आधीच ढासळलेली होती. ऑस्ट्रेलियाहून मॉरिशसकडे जाताना १४ सप्टेंबर १८८७ रोजी नौकेवरच त्यांचे निधन झाले आणि त्यांना समुद्रातच मूठमाती (हा शब्द येथे कसा वापरावा?) देण्यात आली. ‘द लास्ट व्हॉयेज’ हे पुस्तक १८८९ साली निघाले, तेव्हा त्याचा शेवट पतीला पुरा करावा लागला. एकाच पुस्तकात लेखणी हातातून हाती जाते, आणि ‘आम्ही’ लिहिणारे माणूस बदलते. आयुष्यभर सुकाणू धरलेल्या माणसाने पत्नीच्या जागी बसून लिहिलेली ती पाने आम्हांला त्यांच्या कोणत्याही राजकीय भाषणापेक्षा अधिक बोलकी वाटतात.

जोशुआ स्लोकम ह्यांच्याकडे वळताना श्रीमंतीचा पडदा दूर होतो. जगाला ते ठाऊक आहेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी म्हणून. १८९५ च्या एप्रिलमध्ये ‘स्प्रे’ ह्या नौकेतून ते बॉस्टनहून निघाले, जून १८९८ मध्ये परतले, आणि १९०० साली ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शीर्षकातल्या ‘अलोन’ ह्या शब्दाने त्यांच्या आधीच्या चोवीस वर्षांवर जो पडदा टाकला, तो उचलून पाहण्याजोगा आहे.

१८७१ च्या जानेवारीत सिडनीत त्यांचे व्हर्जिनिया वॉकर ह्यांच्याशी लग्न झाले. तेव्हापासून तेरा वर्षे व्हर्जिनिया नवऱ्याच्या मालवाहू गलबतांवर राहिल्या. सात मुले झाली, ती सगळी समुद्रावर नाहीतर परक्या बंदरांत. त्यांपैकी चार जगली. मुलांना अक्षरओळख त्यांनीच जहाजावर करून दिली. जुलै १८८४ मध्ये ब्वेनोस आइरेसच्या बंदरात नांगरलेल्या ‘ॲक्विडनेक’ ह्या जहाजावर त्यांचा मृत्यू झाला, वयाची पस्तिशी गाठण्यापूर्वी. त्यांनी स्वतः लिहून प्रसिद्ध केलेले असे काहीही नाही. तेरा वर्षांच्या त्या सहजीवनाचे ‘आम्ही’ कुणीच लिहिले नाही. नवऱ्याने ‘मी’ लिहिले, तेही सोळा वर्षांनी.

दीडएक वर्षाने, १८८६ मध्ये, स्लोकम ह्यांनी आपली नात्यातली बहीण हेटी हिच्याशी दुसरे लग्न केले. नवऱ्याचे वय बेचाळीस, वधूचे चोवीस. पुढे जे झाले ते नव्या नवरीच्या वाट्याला येऊ नये असेच होते. जहाजावर रोगराई, खलाशांची बंडाळी, आणि १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर ‘ॲक्विडनेक’ वाळूत रुतून फुटले. हाती पैसा नाही. तेव्हा स्लोकम ह्यांनी मोडक्या जहाजाच्या सामानातून आणि स्थानिक लाकडातून पस्तीस फुटांची नौका बांधली. शिडे शिवली हेटीने. नौका पाण्यात उतरली १३ मे १८८८ रोजी, म्हणजे ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली त्याच दिवशी, म्हणून तिचे नाव ‘लिबर्दादे’. नवरा, बायको आणि पहिल्या लग्नाचे दोन मुलगे, चौघेजण तीतून साडेपाच हजार मैलांचा प्रवास करून अमेरिकेला पोहोचले. ‘व्हॉयेज ऑफ द लिबर्दादे’ हे त्या प्रवासाचे पुस्तक १८९० चे, आणि ते कप्तानाने लिहिलेले आहे. शिडे शिवणाऱ्या हातांना त्या प्रवासाविषयी काय म्हणायचे होते ते दुसऱ्या मार्गाने कळते: हेटी त्यानंतर नवऱ्याबरोबर लांबच्या सफरीला कधी गेल्या नाहीत. हे न जाणे हेच त्यांचे प्रवासवर्णन असे म्हणण्याचा मोह होतो. नाटकी वाटण्याचा धोका पत्करूनही आम्ही तो आवरत नाही.

मग ‘स्प्रे’. कुणीतरी फुकट दिलेली, शेतात उभी करून ठेवलेली सडकी शिंपलेमारू नौका. तिची फळी न् फळी बदलून स्लोकम ह्यांनी ती उभी केली. खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट, हा आकडा त्यांनीच दिलेला. ह्या नौकेचा एक गुण सर्व खलाशी आवर्जून सांगतात. सुकाणूचे चाक बांधून ठेवले की ती आपापली दिशा धरून दिवसेंदिवस चालत राही, आणि कप्तान खाली बसून पुस्तके वाची. दोघांच्या नौकेत बहुतेक भांडणे सुकाणूवर कोण बसणार ह्यातून निघतात, असे मानायला जागा आहे. स्लोकम ह्यांनी असे घर बांधले की ज्यात तो प्रश्नच उरला नाही.

येथे थोडे थांबून नौकेवरच्या दिनक्रमाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण जमिनीवरच्या वाचकाची कल्पना नेमकी उलट असते. लहान नौकेत दोघेजण म्हणजे अखंड सहवास, अखंड सहवास म्हणजे कंटाळा आणि कंटाळ्यातून भांडण, असे आपण समजतो. नांगर टाकलेल्या नौकेपुरते ते खरे असू शकेल. भर समुद्रात मात्र नौका रात्रंदिवस चालत असते आणि कुणीतरी जागे राहावे लागते. माणसे दोनच असतील तर तीन किंवा चार तासांच्या पाळ्या लागतात: एक वर, एक खाली, मग अदलाबदल. महिनाभराच्या प्रवासात ते जोडपे एकाच वेळी झोपत नाही. एकाच अंथरुणाची ऊब एकामागून एक घेतली जाते. भेट होते ती पाळी बदलताना, आणि बोलणे होते ते वाऱ्याविषयी, दिवा दिसल्याविषयी, गरम पाणी थर्मासात ठेवल्याविषयी. ह्या नौकांवरचे एकटेपण दुसऱ्याच्या श्वासाच्या अंतरावरचे असते. १९६० च्या अटलांटिक शर्यतीत ब्लाँडी हॅस्लर ह्यांनी वाऱ्याच्या पात्यावर चालणारे स्वयंचलित सुकाणू वापरून दाखवले आणि पुढे त्या धर्तीची यंत्रे सर्वत्र आली, तेव्हा नौकाशास्त्रात जो बदल झाला त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या पात्यामुळे पतिपत्नी एका वेळी एका पंगतीला बसू लागली, ह्याची चर्चा आमच्या तरी वाचनात आली नाही.

पात्याच्या आधीचे प्रसिद्ध जोडपे म्हणजे एरिक आणि सुझन हिस्कॉक. तीस फुटांच्या ‘वाँडरर तिसरी’ मधून त्यांनी १९५२ ते १९५५ आणि पुन्हा १९५९ ते १९६२ अशा दोन प्रदक्षिणा केल्या. एरिक ह्यांची दृष्टी अधू होती, लेखन त्यांचे. ‘क्रूझिंग अंडर सेल’ हा त्यांचा ग्रंथ दोन पिढ्यांना क्रमिक पुस्तकासारखा झाला. हिस्कॉक ह्यांचे गद्य नीटनेटके, कोरडे, कुठे आवाज न चढवणारे. त्यात भांडण नाही, तसा लाडही नाही. सुझन सर्वत्र आहेत आणि कोठेही रेंगाळत नाहीत. ह्या गद्याविषयी अधिक लिहिण्यासारखे आमच्यापाशी नाही. तीच नौका पुढे दुसऱ्या एका दांपत्याने घेतली आणि कित्येक वर्षे तीत संसार केला, एवढी गंमत सांगून पुढे जातो.

माइल्स आणि बेरिल स्मीटन हे प्रकरण निराळे. माइल्स हिंदुस्थानी सैन्यातले ब्रिगेडियर. बेरिल त्याआधीच आशियात आणि दक्षिण अमेरिकेत एकट्याने वाटा तुडवून आलेल्या. १९३९ मध्ये दोघे तेनसिंग ह्यांच्यासह तिरिच मीर शिखरावर चढाईला गेले होते. म्हणजे घर सांभाळणारी ती आणि भटकणारा तो, ही वाटणी येथे मुळातच नव्हती. ‘त्झू हांग’ ह्या सेहेचाळीस फुटी नौकेतून, जॉन गझवेल हा तरुण मित्र आणि एक मांजर ह्यांच्यासह, ते मेलबर्नहून केप हॉर्नकडे निघाले. १४ फेब्रुवारी १९५७ रोजी दक्षिण पॅसिफिकमध्ये एका प्रचंड लाटेने नौका पुढच्या टोकावरून कोलांटी घेऊन उलटली. त्या वेळी सुकाणूवर बेरिल होत्या. कमरेचा दोर तुटून त्या समुद्रात फेकल्या गेल्या. जखमी अवस्थेत पोहत मोडलेल्या डोलकाठीपर्यंत आल्या आणि वर ओढल्या गेल्या. दोन्ही डोलकाठ्या गेल्या, सुकाणू गेले, डेकवरची खोली उखडली, नौका अर्धी पाण्याने भरली.

ह्या प्रवासाचे ‘वन्स इज इनफ’ हे माइल्स ह्यांचे पुस्तक १९५९ चे. त्या क्षणी सर्व संपले अशीच आपली भावना होती हे ते लपवत नाहीत. पाठोपाठ ते सांगतात की बेरिलला बादल्या कुठे आहेत ते ठाऊक होते, आणि ती त्या आणायला निघाली. ह्या एका तपशिलावर आम्ही बराच वेळ थांबलो. नौका बुडते आहे, खांदा जायबंदी आहे, आणि ह्या बाईला आपल्या घरातली वस्तू कोठे ठेवली आहे ते आठवते. नवऱ्याने लिहिलेल्या पुस्तकात, त्याच्या ‘आम्ही’ला छेद देऊन, येथे दोघांमधला प्रत्यक्ष उच्चार ऐकू येतो. पाणी उपसायचे आहे, ते आपण उपसू. एवढेच त्याचे मराठी. पुढे चिलीत नौका दुरुस्त करून, गझवेलशिवाय, दोघेच पुन्हा त्याच वाटेने गेले, आणि डिसेंबर १९५७ मध्ये नौका पुन्हा उलटली, डोलकाठ्या पुन्हा मोडल्या. मग पुस्तकाचे शीर्षक ‘एकदा पुरे’ अशा अर्थाचे ठेवण्यातला विनोद नक्की कुणाचा, नवऱ्याचा की बायकोचा, असा प्रश्न पडतो. १९६८ च्या डिसेंबरात त्यांनी त्याच नौकेतून केप हॉर्नला वळसा घातलाच.

लिन आणि लॅरी पार्डी ह्यांच्या पुस्तकांत लेखणी पुन्हा स्त्रीच्या हाती येते, पण ब्रॅसींच्या काळाहून परिस्थिती उलटी. चोवीस फुटांची ‘सेराफिन’ दोघांनी स्वतः बांधली, १९६८ मध्ये पाण्यात उतरवली, तिला इंजिन ठेवले नाही आणि अकरा वर्षे तीत राहून जग फिरले. नंतरची ‘तालेसिन’ही स्वतः बांधलेली. लॅरी लाकूडकामात निष्णात. लिन लिहीत, आणि लेख व पुस्तके हा त्यांच्या चरितार्थाचा एक मुख्य भाग होता. म्हणजे वाचकाला उद्देशलेले ‘आम्ही’ हेच येथे घर चालवते. अशा लेखनात सलोख्याचा भाग थोडा जास्त उजळणार, हे गृहीत धरून ते वाचावे. तरीही ‘द केअर अँड फीडिंग ऑफ सेलिंग क्रू’ हे पुस्तक आम्हांला मोलाचे वाटते. जपानहून कॅनडापर्यंतच्या एकोणपन्नास दिवसांच्या प्रवासात रोज काय शिजवले, कोणती भाजी कितव्या दिवसापर्यंत टिकली, ह्याची त्यात दैनंदिन नोंद आहे. नाव पाहून कुणी ते पाकशास्त्रात टाकील. उत्तर पॅसिफिकच्या थंडीत, हेलकावणाऱ्या स्टोव्हवर, चाळिसाव्या दिवशीही दुसऱ्याच्या आवडीचे काही करण्याची धडपड हा सहजीवनाचा जेवढा सरळ पुरावा आहे तेवढा भावनांच्या वर्णनात मिळत नाही.

ह्या सर्व जोडप्यांत एक गोष्ट समान आहे. कोणत्याही बंदरात शिरताना जे कागद भरावे लागतात त्यांत कप्तान म्हणून एकाचेच नाव येते. दुसरे माणूस खलाशी ठरते. लग्नाच्या दाखल्यावर दोन नावे, नौकेच्या कागदावर एक. वादळात मतदान घेता येत नाही हे उघड आहे, म्हणून ही रीत. पण ज्याच्या नावाने हुकूम सुटतात तोच खचला तर काय, ह्या प्रश्नाचे उत्तर एका पुस्तकात मिळते.

मॉरिस आणि मॅरलिन बेली हे इंग्लंडमधील डर्बी गावचे सामान्य नोकरदार जोडपे. तो छापखान्यात, ती कर खात्याच्या कचेरीत. बागेसह असलेले छोटे घर विकून त्या पैशांतून त्यांनी एकतीस फुटांची नौका घेतली; दोघांच्या नावांची अक्षरे जोडून तिचे नाव ‘ऑरालिन’. १९७२ च्या उन्हाळ्यात ते न्यूझीलंडला जायला निघाले. मॉरिस नौकानयनाचे गणित जाणणारे, काटेकोर, काहीसे तुसडे. बाहेरच्या जगाची लुडबूड नको म्हणून संदेश पाठवणारा रेडिओ त्यांनी नौकेवर ठेवला नाही. मॅरलिनना पोहता येत नव्हते. ४ मार्च १९७३ च्या पहाटे, पनामाहून गालापागोसकडे जाताना, एका देवमाशाची धडक बसली, नौकेला भोक पडले आणि तासाभराच्या आत ती बुडाली. एक हवा भरलेला तराफा आणि त्याला बांधलेली रबरी होडी, एवढ्यावर ते ११७ दिवस तरंगत राहिले.

ह्या काळात सात जहाजे जवळून गेली. एकानेही त्यांना पाहिले नाही. सुरुवातीला मॉरिसने हिशेब करून ठरवले की रात्री वल्ही मारून गालापागोसच्या दिशेने सरकावे. काही रात्रींच्या श्रमानंतर प्रवाह आपल्याला उलट नेतो आहे हे ध्यानात आले. गणित जाणणाऱ्याचे गणित तेथे संपले. पुढे ते आजारी पडले, निराश झाले. आपण वाचणार नाही असे त्यांना वाटू लागले. मॅरलिननी सेफ्टीपिना वाकवून गळ केले. मासे, समुद्रपक्षी, कासवे पकडून कच्ची खाण्याचे काम दोघांनी मिळून केले. पण दिवसाला आकार दिला तो मॅरलिननी. कागदाचे तुकडे करून पत्ते आणि डॉमिनो बनवले. रोजनिशी लिहिली. ३० जून १९७३ रोजी ‘वोल्मी ३०६’ ह्या दक्षिण कोरियाच्या मासेमारी जहाजाने त्यांना उचलले तेव्हा दोघांना उभेही राहता येत नव्हते.

‘११७ डेज अड्रिफ्ट’ हे पुस्तक लगेच पुढच्या वर्षी निघाले. त्याची रचना आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्यात एक ‘आम्ही’ नाही. मॉरिस आणि मॅरलिन आळीपाळीने लिहितात, ज्याच्या त्याच्या नावाखाली. नौकेवरची पाळीची शिस्त जणू पुस्तकात उतरली. त्यामुळे ‘आम्ही’ची गुळगुळीत पृष्ठे तुटतात आणि दोघांमधले अंतर दिसू लागते: एकाने अपयशाचा हिशेब मांडायचा, दुसरीने त्याच दिवसाची कामे सांगायची. आपल्या खचण्याची आणि बायकोच्या कणखरपणाची कबुली मॉरिस देतात. इतक्या वर्षांच्या ह्या वाङ्मयात कप्तानाने असे लिहिल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला आठवत नाही. पन्नास वर्षांनी, २०२४ मध्ये, सोफी एल्महर्स्ट ह्यांचे ‘मॉरिस अँड मॅरलिन’ हे पुस्तक आले आणि ही कथा नव्या वाचकांपर्यंत गेली. ते चांगले पुस्तक आहे. परंतु तेथे सर्वनाम तृतीयपुरुषी आहे, आणि लेखिका दोघांनाही ‘ते’ म्हणू शकते ही सोय त्या दोघांना नव्हती.

तराफ्यावर मॅरलिननी जे कागद लिहिले त्यांत काय होते? समुद्राचे वर्णन फारसे नाही. भुकेने शरीर वाळत असताना त्या मेजवान्यांचे बेत लिहीत होत्या: घरी गेल्यावर काय काय करायचे, कोणत्या पदार्थानंतर कोणता. आणि दुसऱ्या नौकेचा आराखडा. स्वयंपाकाची जागा कुठे, झोपण्याची कुठे, सामान कुठे मावेल, ह्यावर दोघांची चर्चा चाले. वाद घालण्याएवढी शक्ती उरलेली असे तेव्हा वादही होत असतील. ह्या नोंदींचे भाषांतर करायला बसलेला मराठी अनुवादक पहिल्यांदाच ‘आम्ही’ सोडून ‘आपण’कडे वळेल, कारण त्या वेळी वाचक नव्हता, प्रकाशक नव्हता, पुस्तक निघेल अशी आशाही निदान एकाला नव्हती. ऐकणारे माणूस एकच होते आणि ते हाताच्या अंतरावर, ओल्या रबरावर पडलेले होते.

नौका बांधली गेली. ‘ऑरालिन दुसरी’ असेच तिचे नाव ठेवले, आणि तीतून ते पॅटागोनियाला गेले. त्या प्रवासाचे ‘सेकंड चान्स’ हे पुस्तक १९७७ चे. मॅरलिन २००२ साली निवर्तल्या. मॉरिस त्यांच्यामागे सुमारे पंधरा वर्षे जगले, जमिनीवर, एकटे.